पाच इंचांचे विमान

(मंडळाच्या वर्धापनदिनानिमित्त भरलेल्या हस्तकला-प्रदर्शनात केलेले भाषण)



आपल्या प्रदर्शनात यंदा कशिदा आहे, क्रोशाचे रुमाल आहेत, मण्यांची तोरणे आहेत, आणि ह्या सर्व सुबक मंडळींच्या मधोमध एका पाटावर पाच इंच लांबीचे एक लढाऊ विमान बसले आहे. ते विमान माझे. आठ दिवसांपूर्वी वस्तू पाहून घेण्यासाठी आपण जमलो होतो, तेव्हा ते मी प्रथम आणले. आपल्यातल्या एक वडीलधाऱ्या मावशी बराच वेळ त्याच्यापुढे उभ्या राहिल्या. "काम मोठे नाजूक आहे हो," त्या म्हणाल्या. आणि मग चष्मा सारखा करीत त्यांनी विचारले, "पण काय ग, ह्याने कुणाकुणाला मारले?"

मला उत्तर देता आले नाही. मी हसले, आणि "अहो मावशी, हे प्लास्टिकचे आहे," असे काहीतरी बोलून वेळ मारून नेली. पण घरी जाताना विमान पिशवीत होते आणि प्रश्न डोक्यात होता. कार्यवाहबाईंनी मला 'आपल्या छंदाविषयी चार शब्द' बोलण्यास सांगितले आहे. ते चार शब्द मी बोलेनच. परंतु खरे म्हणजे मी उभी आहे ती मावशींच्या प्रश्नाचे उत्तर द्यावयास.

हा छंद माझ्याकडे आला तो अगदी आडवळणाने. आमचा भाचा शिक्षणासाठी परदेशी गेला, तेव्हा त्याच्या कपाटात एक न उघडलेली पेटी राहून गेली. झाकणावर ढगांतून झेप घेणाऱ्या विमानाचे चित्र आणि नाव 'स्पिटफायर'. आत राखाडी प्लास्टिकचे पन्नासएक तुकडे, काड्यांच्या चौकटीला लागलेले. बरोबर एक चित्रमय कागद. "मावशी, टाकून दे, नाहीतर तूच कर," असे त्याने कळविले. टाकून देणे माझ्या स्वभावात नाही. आयुष्यभर मी कपडे बेतले आणि शिवले आहेत. तेव्हा तुकडे जुळवून वस्तू उभी करणे मला काही नवे नव्हते. मी ते कागद पुढे घेऊन बसले.

पहिला प्रश्न मापाचा. ह्या प्रतिकृतीचे प्रमाण बहात्तरास एक असे आहे. ऐकावयास अवघड वाटते, पण मेजपट्टी हाती घेतली की ते फार सोपे आहे. खऱ्या विमानाचे सहा फूट म्हणजे आपला एक इंच. सहा फुटी वैमानिक एक इंचाचा होतो. खऱ्या स्पिटफायरच्या पंखांचा पसारा ३६ फूट १० इंच होता. तो आपल्याकडे सहा इंच एक सूत भरतो. लांबी २९ फूट ११ इंच. ती पाच इंचांना केसभर कमी. बेतताना आपण जसा कागदी नमुना धरतो, तसा प्रत्येक भाग मी ह्या हिशेबाने ताडून पाहू लागले.

हे प्रमाण इंग्लंडमध्ये १९३० नंतरच्या दशकात लाकडी प्रतिकृती करणाऱ्यांनी रूढ केले. पुढे युद्ध आले, आणि खेळण्यासारखी दिसणारी ही वस्तू खेळणे राहिली नाही. आकाशात दिसणारे विमान आपले की शत्रूचे, हे तोफेवरच्या माणसाला क्षणात ओळखता यावे लागते. ते शिकविण्यासाठी अशाच प्रतिकृती वापरीत. अमेरिकेत १९४२ पासून शाळांतल्या मुलामुलींकडून नौदलासाठी ह्याच प्रमाणाची लाकडी विमाने मोठ्या संख्येने कोरून घेतली गेली. मूल लाकूड तासते आहे, आणि त्याच्या कौशल्यावर कुठे तरी कुणाचा तरी जीव अवलंबून आहे! माप चुकले तर आपलेच विमान पाडले जायचे. हे वाचले, त्या दिवसापासून मी 'चालेल तेवढ्याने' हा शब्द ह्या कामात उच्चारला नाही.

स्पिटफायरचे मूळ अभियंते आर. जे. मिचेल. त्यांच्या ह्या विमानाने पहिले उड्डाण केले ५ मार्च १९३६ रोजी, आणि पुढच्याच वर्षी वयाच्या अवघ्या ४२ व्या वर्षी ते कर्करोगाने गेले. त्यांच्या मागे ह्या विमानाच्या सुधारलेल्या आवृत्त्या निघत गेल्या आणि एकंदर वीस हजारांहून अधिक विमाने तयार झाली. माझ्या पेटीतले विमान त्यांतली पाचवी आवृत्ती. प्रत्येक पंखात एक मोठी तोफ आणि दोन मशीनगनी असलेली.

पेटीबरोबर कोणत्या तरी इंग्रज तुकडीच्या खुणा होत्या. परंतु माझे माहेर बडोद्याचे; आणि वाचता वाचता मला असे आढळले की, इंग्लंडच्या हवाई दलात बडोद्याच्या नावाची एक तुकडी होती! तिचा क्रमांक १२४. १९४१ च्या मे महिन्यात स्कॉटलंडच्या उत्तर टोकाला कॅसलटाऊन येथे ती स्पिटफायरवर नव्याने उभी राहिली, आणि गायकवाडांनी दिलेल्या देणगीवरून तिला बडोद्याचे नाव मिळाले. त्याच वर्षाच्या अखेरीस ती दक्षिणेला लंडनजवळच्या बिगिन हिलला आली. तिच्या विमानांवर 'ओ' आणि 'एन' ही अक्षरे असत. मग मी पेटीतल्या खुणा बाजूला ठेवल्या. माझे विमान बडोद्याचे होणार, असे मी ठरविले. माहेरचा अभिमान, दुसरे काय!

आता कामाविषयी. तुकडे प्रथम साबणाच्या कोमट पाण्यात धुऊन घ्यावे लागतात. साच्याचा तेलकटपणा राहिला तर रंग धरत नाही. तुकडा काडीपासून मोडून घ्यावयाचा नाही, कापून घ्यावयाचा, आणि राहिलेला कोंब बारीक कानशीने सपाट करावयाचा. आरंभ होतो तो वैमानिकाच्या बैठकीपासून, कारण धडाचे दोन भाग एकदा जुळले की आत हात जात नाही. बैठकीची जागा आपल्या करंगळीच्या नखाएवढी. तिथे मी तांब्याच्या तारेचे वेटोळे करून सुकाणूच्या दांड्याची मूठ केली. खऱ्या विमानात ती अशीच कड्यासारखी होती. चहाच्या पुड्यातल्या चांदीच्या कागदाच्या अर्ध्या मिलिमीटर रुंदीच्या पट्ट्या कापून वैमानिकाला जखडून ठेवणारे पट्टे केले. ते रंगवून खुर्चीवर सैल टाकले. जणू माणूस नुकताच उठून गेला आहे.

डाव्या अंगाला एक छोटे दार असते. त्या दाराच्या आतल्या बाजूला एक लहानशी पहार अडकविलेली असे. ही कशासाठी, ते मला प्रथम कळेना. मग उलगडा झाला. वरचे काचेचे झाकण अडकून बसले आणि विमान पेटले, तर वैमानिकाने ती पहार घेऊन झाकण फोडून बाहेर पडावयाचे. टाचणीच्या तुकड्याची ती पहार मी केली तेव्हा माझा हात जरा थांबला. इतका वेळ मी 'बैठक' करीत होते. आता त्या बैठकीत कुणी तरी विशी-बाविशीचा मुलगा आहे, हे प्रथमच माझ्या ध्यानात आले.

माझी पहिली मोठी चूकही इथेच झाली. क्षणात चिकटणारा जो गोंद मिळतो, त्याने मी काचेचे झाकण लावावयास गेले. दुसऱ्या दिवशी पाहते तो सारी काच आतून दुधासारखी पांढरी! त्या गोंदाची वाफ निघते आणि ती पारदर्शक प्लास्टिकवर बसते, हे मला ठाऊक नव्हते. झाकण अलगद काढले, कापसावर दातांची पेस्ट घेऊन दोन संध्याकाळ घासले, तेव्हा बरेचसे निवळले. ज्यांना हे काम करावयाचे असेल त्यांनी काचेला साधा पांढरा गोंद वापरावा. तो वाळला की दिसत नाही.

धड जुळल्यावर पंख. स्पिटफायरचे पंख लंबगोल, पिंपळाच्या पानाच्या टोकाकडे जावे तसे बारीक होत गेलेले आणि फार पातळ. समोरून पाहिले तर ते आडवे सरळ नसतात, सहा अंशांनी वर उचललेले असतात. मी पुठ्ठ्याचा साचा कापून त्यावर विमान टेकविले आणि रात्रभर वाळू दिले. सांधे लुकणाने भरून ओल्या पॉलिश पेपराने घासले. इथे एक हिशेब सांगते. पत्र्यांच्या सांध्यांच्या ज्या रेषा प्लास्टिकवर कोरलेल्या असतात, त्या मिलिमीटरच्या पाचव्या हिश्श्याएवढ्या रुंद असतात. दिसावयास नाजूक, पण त्यांना बहात्तराने गुणले तर खऱ्या विमानात अर्ध्या इंचाहून अधिक रुंदीची फट होईल! पुष्कळ लोक ह्या रेषांत गडद रंग भरतात. मीही प्रथम भरला. विमान गोधडीसारखे दिसू लागले. सारे पुसून काढले.

शेपटीचे हलणारे भाग मात्र पत्र्याचे नव्हते. ते कापडाचे होते. हे ऐकून माझ्यासारखीच आपल्यालाही गंमत वाटेल. ताशी साडेतीनशे मैल जाणाऱ्या ह्या यंत्राचे सुकाणू धातूच्या सांगाड्यावर कापड चढवून, टाके घालून केलेले असे. टाक्यांवर पट्टी आणि पट्टीवर एक प्रकारचे रोगण. ते रोगण सुकताना कापड असे ओढून धरी की, ते ढोलकीच्या पुडीसारखे ताठ होई. पेटीतल्या तुकड्यावर मात्र त्या कापडाला वाळत घातलेल्या चादरीसारखा झोळ दाखविला होता. ते घडविणाऱ्याने पुस्तके पाहिली असतील, सुई धरली नसावी! मी तो झोळ घासून नाहीसा केला.

आणि सुई कोणाच्या हातात होती? विमानांच्या कारखान्यांतले हे कापडाचे काम बहुतेक बायकांचे. १९४० च्या सप्टेंबरात साउदॅम्प्टनचा स्पिटफायरचा कारखाना जर्मन बॉम्बफेकीत उद्ध्वस्त झाला आणि अनेक कामगार मेले. त्यानंतर एकच मोठा कारखाना ठेवण्याऐवजी काम गावोगाव वाटून दिले गेले: मोटारींच्या गॅरेजांत, बसच्या आगारांत, कपडे धुण्याच्या लाँड्र्यांत. कुठे पंख, कुठे शेपटी, कुठे टाक्या. काल इस्त्री करणाऱ्या बाया आज रिव्हेट ठोकू लागल्या. पुरुष सैन्यात गेले होते. विमाने तर हवी होती.

जसजशी मी तपशिलात शिरले, तसतशी मला प्रतिकृतीत न दिसणारी माणसे दिसू लागली. ह्या विमानाच्या मर्लिन इंजिनात एक खोड होती. शत्रूचा पाठलाग करताना वैमानिकाने नाक एकदम खाली दाबले की कार्ब्युरेटरमधले पेट्रोल वर उसळे, इंजिन आधी उपाशी राही आणि मग गुदमरे. तेवढ्या क्षणात जर्मन विमान निसटून जाई, कारण त्याच्या इंजिनात पेट्रोल थेट दाबाने जात असे. ह्यावर उपाय काढला तो बिअ‍ॅट्रिस शिलिंग नावाच्या एका बाईने. ती फार्नबरोच्या सरकारी संशोधन-संस्थेत अभियंता होती. तरुणपणी मोटारसायकलच्या शर्यतीत ताशी शंभर मैलांवर फेरी मारून तिने पदक मिळविले होते. तिचा उपाय असा: पेट्रोलच्या वाटेत मोजक्या भोकाचा पितळेचा एक छोटा तुकडा बसवावयाचा, म्हणजे इंजिनाला लागेल तेवढेच पेट्रोल पुढे जाईल. प्रथम हा तुकडा शिवताना आपण बोटात घालतो त्या अंगुस्तानासारखा होता. पुढे नुसती चकती झाली. १९४१ मध्ये ही बाई आपल्या माणसांसह विमानतळामागून विमानतळ फिरून ते तुकडे बसवीत गेली.

कारखान्यातून निघालेले विमान तुकडीपर्यंत पोहोचविणारा एक वेगळा दलही होता. त्यात १९४० च्या जानेवारीत पॉलिन गॉवर ह्यांच्या हाताखाली आठ बायका घेतल्या. पुढे त्यांची संख्या दीडशेच्या वर गेली. प्रारंभी त्यांना फक्त लहान शिकाऊ विमाने देत. १९४१ च्या उन्हाळ्यापासून लढाऊ विमानेही त्यांच्या हाती आली. त्यांच्याजवळ रेडिओ नसे. हाती नकाशा, आणि प्रत्येक जातीच्या विमानाची माहिती लिहिलेली एक लहान वही. त्यांच्यापैकी काही जणी ह्या कामात प्राणास मुकल्या. १९४३ मध्ये त्यांना पुरुषांइतकेच वेतन मिळाले. त्या काळी ही गोष्ट लहान नव्हती. तेव्हा बडोद्याच्या तुकडीला आलेले एखादे विमान अशा एखाद्या बाईने आणून उतरविले असेल, असे मानावयास जागा आहे. मी तेवढे मानते.

इथपर्यंत येताच माझी छाती फुगली होती. आठ दिवसांपूर्वी मी प्रदर्शनात आले, ती ह्याच उत्साहात. मी बोलणार होते ते हेच: पाहा, युद्धाच्या ह्या यंत्रातही बायकांचे किती हात आहेत! आपल्यालाही ते ऐकून बरे वाटले असते. पण मावशींनी प्रश्न विचारला, आणि मला हेझल हिलची आठवण झाली.

ही हेझल तेरा वर्षांची मुलगी. तिचे वडील इंग्लंडच्या हवाई खात्यात वैज्ञानिक अधिकारी होते. १९३४ साली प्रश्न असा होता की, नव्या लढाऊ विमानावर बंदुका किती असाव्यात. विमानांचा वेग इतका वाढला होता की शत्रू नेमात सापडणार तो एक-दोन सेकंद. त्या दोन सेकंदांत पुरेशा गोळ्या लागण्यासाठी चार बंदुका पुरतील की आठ लागतील? ह्याची आकडेमोड बापलेकींनी मिळून केली, घरच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर. उत्तर आले आठ. स्पिटफायरला आठ बंदुका बसल्या, त्यामागे हे गणित होते. त्या बंदुकांनी १९४० मध्ये इंग्लंड वाचविण्यास हातभार लावला, हे खरे. पण त्या गणिताचा विषय काय होता? दोन सेकंदांत समोरचा माणूस कसा मरेल, हा. पोळीच्या पोळपाटाशेजारी ते गणित सुटले. बायकांचा हात मोजावयाचा तर हाही मोजावयास हवा. चांगले तेवढे आपले, असे म्हणता येणार नाही.

आणि मग मी माझ्या विमानाकडे पुन्हा पाहिले.

पंखाच्या पुढच्या कडेला मशीनगनींची तोंडे असतात. उड्डाणापूर्वी त्या तोंडांवर रोगण लावलेल्या कापडाच्या लहान लाल चकत्या चिकटवीत. आत धूळ आणि ओल जाऊ नये, आणि उंचावरच्या थंडीत बंदूक गोठू नये म्हणून. पहिली गोळी सुटली की ती चकती फाटून जाई. म्हणजे चकती शाबूत असेल, तर विमानाने गोळी झाडलेली नाही. चकती फाटली असेल, तर झाडलेली आहे. परतणाऱ्या विमानाकडे जमिनीवरचे लोक पाहत, तेव्हा त्यांना एवढ्यावरूनच कळे.

प्रतिकृती करणाऱ्याला ह्यातले एक निवडावेच लागते. तिसरी गोष्ट नाही. मी चारही चकत्या शाबूत दाखविल्या होत्या, छान लाल, कुंकवाच्या टिकल्यांसारख्या. पंखांखालचा फिकट राखाडी रंग स्वच्छ ठेवला होता. का? तर छान दिसते म्हणून. मावशींना मी तोंडाने उत्तर दिले नव्हते, पण माझ्या हातांनी ते आधीच देऊन ठेवले होते: ह्याने कुणालाच मारलेले नाही. आणि ते उत्तर खोटे होते.

गायकवाडांची देणगी कशासाठी होती? १९४० मध्ये इंग्लंडने जाहीर केले होते की पाच हजार पौंड देणाऱ्याच्या नावाने एक स्पिटफायर. खरा खर्च त्याहून अधिक होता. हा आकडा देणगीदारांसाठी ठरविलेला. त्या वेळच्या दराने ते सुमारे ६६,७०० रुपये होतात. साम्राज्यातून, संस्थानांतून असे पैसे गेले. संस्थानची तिजोरी म्हणजे अखेर शेतसारा. बडोद्याच्या ज्या कुणब्याने तो भरला, त्याला स्पिटफायर म्हणजे काय ते ठाऊकही नसेल. आणि बडोद्याचे नाव घेऊन ती तुकडी १९४२ मध्ये फ्रान्सच्या किनाऱ्यावर लढत होती, त्याच वर्षाच्या ऑगस्टात मुंबईच्या गवालिया टँकवर 'चले जाव'चा घोष उठला होता. एका बाजूला हिटलरचा पाडाव व्हावा असे कोणाला वाटत नव्हते? आणि दुसऱ्या बाजूला आपल्या तरुणांना तुरुंगात घालणारे सरकार तेच होते, ज्याच्या विमानावर माझ्या माहेरचे नाव. ही गाठ मला सोडविता येत नाही. पण ती आहे, आणि लाल टिकल्या लावून मी ती झाकली होती.

त्या रात्री मी पुन्हा टेबलाशी बसले. आधी बारीक टोच्याने चारही चकत्या मधून फोडल्या. कडेला लाल चिंध्या तेवढ्या राहू दिल्या. मग विमान उलटे धरले. बंदूक झाडली की तिच्या मागे पंखाखाली काळ्या धुराच्या रेघा उठत, आणि रिकामी काडतुसे खाली पडावयाची जी भोके, त्यांच्या मागेही. ह्यासाठी काजळी हवी होती. निरांजनावर वाटी धरून ती काढली, आणि कोरड्या कुंचल्याने पुढून मागे, वारा जाईल त्या दिशेने, फिकट फिकट ओढली. अशा वेळी हात सैल ठेवावा लागतो. जास्त झाले तर सोंग वाटते. चार रेघा मशीनगनींच्या, दोन तोफांच्या. दोन्ही बाजूंच्या धुराड्यांमागे थोडी. वर कशालाही हात लावला नाही.

कारागिरीच्या दृष्टीने म्हणाल तर आता विमान अधिक खरे झाले. रंग १९४१ च्या ऑगस्टनंतरचे, वर हिरवा आणि समुद्री राखाडी. शेपटीजवळचा फिकट पट्टा खऱ्या विमानात १८ इंचांचा, म्हणून इथे बरोबर पाव इंचाचा. पंखांच्या कडेला पिवळी रेघ. आणि बाजूला बडोद्याच्या तुकडीची अक्षरे. हे सारे मेजपट्टीने बरोबर होतेच. पण मेजपट्टीने जे बरोबर करता येत नाही, ते मावशींच्या एका प्रश्नाने बरोबर झाले.

एका भगिनीने मला मघाशी विचारले, "मग असली वस्तू करावीच कशाला?" मला वाटते, नीट केली तर करावी. दुकानातले शोभेचे विमान कपाटात ठेवले की त्याच्याकडे आपण पुन्हा पाहत नाही. स्वतःच्या हाताने एक एक भाग केला म्हणजे विचारावे लागते: ही पहार कशासाठी? हे टाके कुणी घातले? ही चकती शाबूत की फाटलेली? प्रत्येक उत्तराच्या टोकाला एक माणूस उभा असतो. कधी खुर्चीत बसलेला, कधी टाके घालणारी, कधी बंदुकीच्या पुढे असलेला. त्या शेवटच्या माणसाचे नाव कोणत्याही पेटीबरोबरच्या कागदावर नसते. त्याच्यासाठी मला एवढेच करता आले, की तो होता हे मी खोडून टाकले नाही.

मावशी, आपल्या प्रश्नाचे उत्तर आता देते. ह्याने कुणाकुणाला मारले, ती नावे मला ठाऊक नाहीत. पण मारले. बडोद्याच्या नावाने मारले, आणि त्यात बायकांचेही हात होते. ते जर्मनांशी लढले आणि त्या लढण्याची जगाला गरज होती, असेही मी मानते. दोन्ही गोष्टी ह्या पाच इंचांत आहेत.

प्रदर्शनातल्या सर्व वस्तूंपुढे 'हात लावू नये' अशी पाटी ठेवलेली आहे. माझ्या वस्तूपुढची पाटी मी कार्यवाहबाईंच्या परवानगीने काढून घेतली आहे. वरून पाहिले तर ते विमान देखणे दिसते. तसे ते होतेच. पण आपण प्रत्येकीने ते पोटाशी दोन बोटांनी धरून हलकेच उचलावे आणि उलटे करून पाहावे, अशी माझी विनंती आहे. एखादी रेघ पुसली गेली तरी चालेल. वाटी आणि निरांजन घरी आहेत. मी ती पुन्हा ओढीन.